पत्त्यांचा डाव आणि मताची चिठ्ठी

राजुऱ्याहून दक्षिणेला आसिफाबादची वाट धरली, की कापसाची शेते आणि सागाची राने मागे टाकीत आपण लक्कडकोटच्या नाक्याशी येतो. नाक्याच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. भाषा मात्र नाक्याला जुमानीत नाही. अलीकडच्या बाजारात तेलुगू ऐकू येते आणि पलीकडच्या खेड्यांत मराठी. याचे कारण इतिहासात आहे. राजुरा हा मुळात निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्याकडे आला, प्रथम नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात दाखल झाला. चांदा धर्मप्रांताने तर ही सीमा त्याहूनही उशिरा मानली. १९९९ मध्ये आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत होईपर्यंत तो मुलूख चांद्याच्याच छत्राखाली होता. जिवतीच्या डोंगरावरील चौदा गावांना ती सीमा कधी नीट दिसलीच नाही. त्या गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला, दोन्ही राज्यांनी तेथे शाळा चालविल्या, शिधापत्रिका वाटल्या, आणि तेथील अनेकांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत राहिली : एक मत राजुरा मतदारसंघात, दुसरे आसिफाबादेत.

या सीमेवर २०१७ साली एक चमत्कारिक गोष्ट घडली. त्या जूनमध्ये तेलंगण सरकारने अध्यादेश काढून मोबाइलवर पैसे लावून खेळावयाच्या रमीवर बंदी घातली. महाराष्ट्रात तशी बंदी नव्हती. म्हणजे नाक्याच्या एका अंगाला जो गुन्हा, तीच दुसऱ्या अंगाला करमणूक ठरली. आम्ही पुष्कळदा स्वतःला विचारले, की दोन मते हाती असलेल्या त्या डोंगरावरील मतदाराने हा फरक पाहून एखादे मत इकडचे तिकडे केले असेल काय? आम्हांला तसे वाटत नाही. परंतु याच मुलखात पुढाऱ्याच्या दारूविषयीच्या भूमिकेने मतपेट्या हललेल्या आम्ही पाहिल्या आहेत. दारूने जे साधले ते जुगाराने का साधले नाही, हा या लेखाचा विषय आहे.

जुगार येथे नवा नाही. पीक घरात आले, की रानातल्या एखाद्या मोकळ्या जागी कोंबडबाजार भरतो. कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधतात, भोवती माणसांचे कडे होते आणि नोटा हातोहात फिरू लागतात. पोलिसांची धाड पडली, तर जंगल जवळच असते. गावात पानटपरीच्या आडोशाने सट्टापट्टी चालते. मुंबईकर जिला मटका म्हणतात तीच ही. तिचा उगम दूरचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांच्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागत. ते आकडे येणे बंद झाले तेव्हा १९६२ च्या सुमारास कल्याणजी भगत यांनी आणि मागाहून रतन खत्री यांनी मटक्याचा व्यवसाय उभा केला. आमच्या कापसाच्या मुलखाला कापसाच्याच आकड्यांतून निघालेला हा रोग जडावा, हा योगायोग आम्हांला नेहमी बोचत आला आहे.

या सर्वांना आवर घालणारा कायदा १८८७ चा. मुंबई इलाख्यात तो झाला आणि पुढे राज्यभर लागू झाला. जुगाराचा अड्डा चालविणे, तेथे सापडणे, रस्त्यावर जुगार खेळणे, हे त्याने गुन्हे ठरविले. पण निव्वळ कौशल्याच्या खेळांना मोकळीक ठेवली. ही एवढीशी फट पुढे केवढी रुंद झाली, हे पाहण्यासारखे आहे. सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली असा निर्णय दिला, की रमीत पाने लक्षात ठेवावी लागतात, टाकावी लागतात, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ होय. क्लबाच्या टेबलाभोवती बसलेल्या चारसहा गृहस्थांना समोर ठेवून लिहिलेले ते वाक्य अर्धशतकानंतर कोट्यवधी मोबाइलांना परवाना म्हणून दाखविले गेले.

दूरच्या जुगाराला राज्याची सीमा अडवू शकत नाही, हा धडाही जुनाच आहे. १९५० च्या आसपास वृत्तपत्रांतील बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी घरोघर वेड लावले होते. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकाची कोडी मुंबई राज्यात येत, आणि प्रवेशिका व पैसे येथून तेथे जात. मुंबई सरकारने १९५२ साली आपला कायदा दुरुस्त करून बाहेर छापलेल्या पत्रांनाही त्यात ओढले. चालकाने दाद मागितली. अखेर एप्रिल १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा कायदा उचलून धरला आणि जुगार हा व्यापार म्हणून घटनेच्या संरक्षणास पात्र नाही असे म्हटले. तोवर संसदेने १९५५ चा कायदा करून महिन्याला हजार रुपयांवरच्या बक्षिसांच्या स्पर्धा बंदच केल्या होत्या. टपालाच्या पाकिटाच्या जागी मोबाइल घाला. बाकी कथा फारशी बदलत नाही.

हे सारे चालू असता सरकार स्वतः काय करीत होते? १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांनी मटक्याकडे जाऊ नये आणि विकासाला पैसा मिळावा, असा दुहेरी हेतू सांगण्यात आला. १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण ठेवणारा व कर बसविणारा कायदा विधिमंडळाने संमत केला; तो कधी अमलात आणला नाही आणि कित्येक दशके रद्दही केला नाही. तो रद्द झाला २०२३ मध्ये. सत्तेचाळीस वर्षे एखादे तिकीट खिशात ठेवावे तसा हा कायदा प्रत्येक पक्षाच्या सरकारने खिशात ठेवला होता. जुगार वाईट, हे व्यासपीठावर म्हणावयाचे आणि तिजोरीला मात्र त्याची चव ठाऊक असू द्यावयाची, ही आमच्या राजकारणाची जुनी रीत. ज्या विषयावर सगळे पुढारी एकच बोलतात आणि एकच करतात, त्या विषयावर मतदाराने निवड कशी करावी?

आता दारूकडे वळू. सीमेपलीकडच्या आंध्रात १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी अरकाचे दुकान बंद पाडले आणि ती आग राज्यभर पसरली. १९९३ मध्ये तेथील काँग्रेस सरकारने अरकावर बंदी घातली, पण श्रेय घेऊन गेले एन. टी. रामाराव. त्यांनी संपूर्ण दारूबंदीचे वचन दिले आणि डिसेंबर १९९४ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने २१६ जागा जिंकल्या. सत्तेवर येताच त्यांनी ते वचन पाळले. १९९७ मध्ये त्यांच्याच जावयाच्या सरकारने, तिजोरी रिकामी झाल्याचे सांगून, बंदी उठविली. वचन अडीच वर्षे टिकले म्हणावयाचे.

आमच्या बाजूला गडचिरोली. डॉ. अभय बंग, राणी बंग आणि गावोगावच्या संघटनांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेल्या चळवळीचे फळ म्हणून १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि ती टिकली. का टिकली याचा विचार केला, तर एक गोष्ट दिसते : तेथे प्रश्न निवडणुकीपुरता विचारला गेला नाही. २०१९ सालीही मुक्तिपथ अभियानाने दारूमुक्त निवडणुकीचा आग्रह धरला आणि उमेदवारांकडून तसे वचन मागितले. उमेदवाराला मत सांगावेच लागेल अशी जागा तेथे लोकांनी तयार केली होती.

चंद्रपूरची कथा अधिक गुंतागुंतीची, आणि आमच्या मते अधिक शिकविणारी. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. कडाक्याची थंडी, काखेत मुले, डोक्यावर शिदोरी. समिती नेमली गेली, अहवाल आला, आणि काही घडले नाही. २०१४ साली सत्तांतर झाले. सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री झाले, जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. पुढे चोरट्या दारूचा सुळसुळाट झाला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. राजुऱ्याला तर तेलंगणाची सीमा हाकेच्या अंतरावर. २७ मे २०२१ रोजी महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने बंदी उठविली. त्यात पालकमंत्री विजय वडेट्टीवार यांचा पुढाकार होता.

मतदाराने काय केले? २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत ब्रह्मपुरीत गोस्वामी आणि वडेट्टीवार दोघेही उभे होते. वडेट्टीवार निवडून आले. ज्यांच्यामागे हजारो स्त्रिया नागपूरपर्यंत चालल्या होत्या, त्यांना फार थोडी मते पडली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दारूबंदी आणणारे मुनगंटीवार स्वतः चंद्रपूरहून उभे राहिले आणि प्रतिभा धानोरकर यांच्याकडून २ लाख ६० हजारांवर मतांनी पराभूत झाले. तेच मुनगंटीवार सहा महिन्यांच्या आत बल्लारपूरमधून विधानसभेवर निवडून गेले. यावरून कोणी म्हणेल, की दारूविषयीच्या भूमिकेचा मतांशी संबंधच नाही. आम्ही तसे म्हणणार नाही. मोर्चा निघाला म्हणून निर्णय झाला, आणि निर्णय घेताना प्रत्येक पुढाऱ्याला त्या स्त्रियांच्या मतांचा हिशेब करावा लागला. त्यांचे वजन मोजणीच्या दिवशी दिसले नाही. ते त्याआधीच, भूमिका ठरताना पडून गेले होते. मतदान केंद्रावर शिरल्यावर मात्र जात, पक्ष, कापसाचा भाव, उमेदवाराचा स्वभाव हे सगळे एका बोटावर येऊन बसते.

आणि राजुरा मतदारसंघात हे बोट फार मोलाचे आहे. २०१९ मध्ये येथे सुभाष धोटे यांनी वामनराव चटप यांना सुमारे अडीच हजार मतांनी मागे टाकले. २०२४ मध्ये देवराव भोंगळे यांनी धोटे यांना ३,०५४ मतांनी हरविले. तिरंगी लढतीत एवढ्या फरकाने निकाल लागतो तेथे दोन-तीन हजार घरांनी एखादा प्रश्न धरून ठेवला, तर आमदार बदलू शकतो. जुगाराने पोळलेली तेवढी घरे या मतदारसंघात नसतील असे आम्हांला वाटत नाही. ती एकमेकांना ठाऊक नाहीत, एवढेच.

दारुडा रस्त्यावर पडतो, गाव पाहते. त्याच्या बायकोचा आवाज शेजारी ऐकतात. दुकानाला दार असते, त्या दारापुढे ठाण मांडून बसता येते. मोबाइलवरच्या रमीला दार नाही. मुलगा जेवताना, अभ्यासाला बसताना, मिस्सेला जाताना फोन हाती धरून असतो, आणि घराला वाटते तो मित्रांशी बोलत आहे. पैसे गेल्यावर त्याला लाज वाटते, घराला त्याहून अधिक. स्त्रिया मोर्चा काढणार कोणाच्या घरावर?

येथे आपल्या गोव्याकडील बांधवांचा अनुभव सांगितला पाहिजे, कारण तेथे जुगाराला दारही आहे आणि दिवेही. १९७६ चा गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९९२ मध्ये दुरुस्त करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी दिली गेली, १९९६ मध्ये जहाजांवरील कॅसिनोंना. मांडवीत जहाजे उभी राहिली. विरोधी पक्षात असताना मनोहर पर्रीकर यांनी त्यांच्याविरुद्ध आवाज उठविला, आणि मांडवीतून कॅसिनो हलविण्याचे वचन त्यांच्या पक्षाने २०१२ च्या निवडणुकीत दिले. चर्चच्या सामाजिक न्याय व शांती परिषदेचाही कॅसिनोंना विरोध होता. त्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला २१ जागा मिळाल्या आणि कॅथॉलिक मतदारांनीही त्याला साथ दिली. त्यानंतर मुदतीवर मुदत वाढत गेली. जहाजे मांडवीतच राहिली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश बंद झाला. म्हणजे जुगार राहिला, मतदाराला तेवढा बाहेर काढला. परराज्यातून येऊन हरणाऱ्याला गोव्यात मत नसते. ही युक्ती राजकारणाच्या दृष्टीने बिनतोड म्हटली पाहिजे.

गोव्याला बोल लावण्याआधी आपल्या धर्मग्रामांच्या सणाचे मंडप आठवावेत. हाऊजीचे आकडे पुकारले जातात, लकी ड्रॉची तिकिटे धर्मभगिनींच्या शाळेतील मुले घरोघर खपवितात. आम्हीही ती घेतली आहेत, आणि एकदा प्रेशर कुकर जिंकला आहे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने याबाबत फार समंजस रेघ ओढली आहे : नशिबाचे खेळ मुळातच अन्याय्य नाहीत, परंतु ज्या पैशावर आपली वा दुसऱ्याची गरज भागायची तो पैसा त्यांत जाऊ लागला, की ते नीतीला सोडून होतात, आणि खेळण्याची ओढ माणसाला गुलाम करू शकते. हाऊजीचा पंधरा मिनिटांचा डाव आणि रात्री दोन वाजता उशीखाली चालणारा डाव यांतील अंतर या रेघेने कळते. पुढाऱ्यांना विचारावयाचे तर याच रेघेबद्दल विचारावे, असे आम्हांस वाटते.

ऑनलाइन जुगार निवडणुकीच्या रिंगणात खऱ्या अर्थाने उतरला तो गडचिरोलीच्या पूर्वेला, छत्तीसगडात, २०२३ साली. तेथील काँग्रेस सरकारने जुगाराविरुद्ध नवा कायदा केला होता. तरी मतदानाच्या तोंडावर, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, सक्तवसुली संचालनालयाने महादेव नावाच्या सट्टेबाजीच्या ॲपच्या चालकांनी मुख्यमंत्री भूपेश बघेल यांना ५०८ कोटी रुपये दिल्याचा आरोप पुढे आणला. बघेल यांनी तो साफ नाकारला. दोन दिवसांनी केंद्राने महादेवसह बावीस ॲपे व संकेतस्थळे बंद केली. ७ आणि १७ नोव्हेंबरला मतदान झाले. भारतीय जनता पक्षाला नव्वदपैकी ५४ जागा मिळाल्या. याचे श्रेय महादेव प्रकरणाला द्यावे काय? धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये आणि विवाहित स्त्रियांना वर्षाला १२,००० रुपये, ही वचने त्याच प्रचारात होती, आणि शेतकऱ्याच्या घरात ती अधिक ऐकली गेली असावीत. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या साऱ्या गदारोळात सट्टा चांगला की वाईट, हा वाद नव्हताच. पैसे कोणी खाल्ले, हा वाद होता.

महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये असेच घडले. विधान परिषदेच्या सभागृहात कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत रोहित पवार यांनी प्रसिद्ध केली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करीत होतो, असे कोकाटे यांनी सांगितले. महिनाअखेरीस त्यांचे कृषी खाते गेले व क्रीडा खाते आले, यावर लोकांनी जे विनोद केले ते येथे देण्याची गरज नाही. विदर्भात लोक संतापले ते रमीवर नव्हे. शेतकरी फास लावून घेत असता त्यांचा मंत्री सभागृहात बेफिकीर दिसला, याचा तो संताप होता. पत्त्यांऐवजी त्या फोनवर सिनेमा असता तरी तो तेवढाच झाला असता.

पडद्यामागच्या पैशाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे रद्द केल्यावर जी माहिती बाहेर आली, तीत सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीचा व्यवसाय करणारी एक कंपनी निघाली. तिने १,३६८ कोटींचे रोखे घेतले होते. त्यांतील मोठा वाटा तृणमूल काँग्रेस आणि द्रमुक यांच्याकडे गेला. ज्या तमिळनाडूत द्रमुकच्या सरकारने ऑनलाइन जुगाराविरुद्ध राज्यपालांशी झगडून २०२३ मध्ये कायदा करून घेतला, तेथील ही गोष्ट. पुढाऱ्याचे मत मतदाराला भाषणातून कळते, त्याचा खर्च कोण भागवितो हे कळायला न्यायालय लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र सारे एका झटक्यात झाले. २० तारखेला लोकसभेने, २१ ला राज्यसभेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारे विधेयक संमत केले. २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. पंचेचाळीस कोटी लोक वर्षाला सुमारे वीस हजार कोटी रुपये गमावितात, असा अंदाज सरकारच्या बाजूने सांगितला गेला. दोन वर्षांपूर्वी, १ ऑक्टोबर २०२३ पासून, याच खेळांवर अठ्ठावीस टक्के कर बसवून सरकारने त्यांच्याकडे उत्पन्न म्हणून पाहिले होते. विधेयकावर सभागृहात गोंधळ चालू होता. म्हणण्यासारखी चर्चा झाली नाही. तेव्हा आपला खासदार या विषयावर काय म्हणतो, हे आपल्याला कायदा झाल्यावरही समजले नाही.

आमच्या ओळखीचे एक घर राजुऱ्याजवळ आहे. बाप सिमेंटच्या कारखान्यात, आई अंगणवाडीत, मोठा मुलगा पदवीधर आणि बेकार. त्याने आधी जिंकले, मग हरले, मग मोबाइलवरूनच कर्ज काढले, मग आईच्या बांगड्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रचाराला आलेल्या कार्यकर्त्यांना त्या माउलीने चहा दिला आणि आमच्यादेखत विचारले, "तुमचे भाऊ त्या मोबाइलातल्या रमीचं काय म्हणते?"

पोरगा गडबडला. वहीची पाने उलटू लागला. मग म्हणाला, "काकू, त्याच्यावर आमच्याकडं काही आलं नाही. तुमच्या नळाचं लिहून घेऊ का?"

तिने नळाचे लिहून घेऊ दिले. दुसऱ्या पक्षाची मुले संध्याकाळी आली, तेव्हा तिने काही विचारले नाही. ॲप पुढल्या ऑगस्टात बंद झाले. कर्जाचा हप्ता अजून चालू आहे.